आजोबा म्हणाले, माघ

फेब्रुवारी नुकता लागला होता, माझी न्यूरोलॉजीची नाईट, नऊच्या सुमारास कॅज्युअल्टीतून स्ट्रोकचा कॉल आला. साक्रीकडचे सत्तरीतले आजोबा, मुंबईत मुलाकडे आलेले, सातपासून उजवा हात उचलत नाही. मुलगा केसपेपरच्या रांगेत आणि मी पोचेपर्यंत माझा को-रेसिडेंट तपासायला लागलेला. पोरगा खूप हुशार, केरळचा, नीट एसएस (सुपरस्पेशालिटीची एन्ट्रन्स) देऊन इकडे आला, वॉर्डातल्या मावशींकडून कामापुरतं हिंदी-मराठी शिकलाय. त्याने विचारलं, कौनसा महीना है? आजोबा म्हणाले, "माघ". वय विचारलं तर काहीतरी पुटपुटले. स्ट्रोकच्या स्केलमध्ये हे दोन प्रश्न असतातच, महिना आणि वय, आणि चुकलं की मार्क वाढतात (आमच्याकडे मार्क जास्त म्हणजे पेशंट वाईट). त्याने दोन्हीचे मार्क लावले आणि अफेजिया लिहायला घेतलं, म्हणजे मेंदूतली भाषाच गेली.

अरे पण माघच चालू होता ना!

मी धुळ्याची. वाकून आमच्याकडच्या अहिराणीत म्हणलं, बाबा, तुम्हनं नाव काय शे? नाव सांगितलं, गाव सांगितलं, वर तू कोणाची पोर ते पण विचारलं. पेन, घड्याळ, फणी, सगळी नावं बरोबर. तोंड एका बाजूला ओढलं गेल्यामुळे उच्चार बोबडे होते तेवढंच, भाषा शाबूत होती. बोबडं बोलणं वेगळं आणि भाषा जाणं वेगळं, मेंदूतल्या जागाच वेगळ्या. साडेचार तासांच्या आत आले होते आणि हात पडलेला होता त्यामुळे गुठळी विरघळवायचं इंजेक्शन तसंही दिलंच असतं, पण सकाळी आजोबा मुलाशी घडाघडा बोलताना दिसले असते तर आम्ही सगळं क्रेडिट इंजेक्शनला देऊन मोकळे झालो असतो.

डायव्हर्सिटी, म्हणजे फील्डमध्ये सगळ्या भागांतले, भाषांचे लोक आणि बायकाही असणं, म्हणलं की मला कॉन्फरन्समधला ग्रुप फोटो आठवतो, दोन बायका पुढे उभ्या करायच्या वगैरे. पण आमच्या न्यूरोत ती खरंच लागते. हृदयवाल्यांचं बरं आहे, ईसीजीला भाषा नसते, आमची अर्धी तपासणी बोलण्यातूनच होते. भाषेच्या भागाजवळ गाठ असेल तर सर्जन पेशंटला जागं ठेवून बोलतं करतात, आणि तो अहिराणीतच विचार करणारा असेल तर त्याला हिंदीत चित्रं ओळखायला लावून काय कळणार?

मग साक्रीची पोरं न्यूरोत का नाहीत? वर्षं मोजा. एमबीबीएस साडेपाच, एमडी किंवा एमएस तीन, त्यापुढची सुपरस्पेशालिटी, डीएम किंवा एमसीएच, तीन, मध्ये बॉन्डची सक्तीची नोकरी, मध्ये एन्ट्रन्सला बसलेलं एखादं वर्ष. पस्तिशी दिसायला लागते. तोपर्यंत घरून कोण पोसणार, आणि मुलगी असेल तर लग्नाचं काय हे आत्याबाई दर दिवाळीला विचारणारच. माझे पप्पा शिक्षक, पगार चालू होता म्हणून निभावलं.

न्यूरोसर्जरीत तर अजून अवघड. माझी मैत्रीण तिच्या युनिटमध्ये एकटीच बाई, तिला 6 नंबरचे ग्लोव्ह्ज लागतात आणि ओटीच्या रॅकमध्ये 7 आणि साडेसातचेच थप्पीने, त्यामुळे स्वतःचे दोन जोड लॉकरमध्ये दडवून ठेवते. एक्स-रेपासून वाचवणारा लेड ॲप्रन गुडघ्याच्या खाली लोंबतो. पाच तास कवटी उघडून बाहेर आल्यावर नातेवाईक म्हणतात, सिस्टर, डॉक्टर कधी भेटतील? आणि हे काही आजचं नाही हो. वेल्लोरला जेकब चांडींनी 1949 मध्ये आपल्याकडे न्यूरोसर्जरी सुरू केली, आणि मद्रासच्या टी. एस. कनका 1968 मध्ये एमसीएच झाल्या, देशातली पहिली बाई न्यूरोसर्जन. त्यांना ग्लोव्ह्ज कुठल्या साइजचे मिळायचे देव जाणे.

को-रेसिडेंटने मात्र त्या रात्रीनंतर चैत्र ते फाल्गुन एका चिठ्ठीवर मल्याळम लिपीत लिहून घेतले, ॲप्रनच्या खिशात असते. परवा राऊंडला एका आजींना मोठ्या ऐटीत विचारलं, आजी, महिना कोणता? आजी म्हणाल्या, ऑगस्ट.