मुलीच्या फलंदाजीच्या सरावासाठी साहित्य निवडताना

माझी मुलगी आठवीत गेली तेव्हा तिच्या प्रशिक्षकांनी टेनिसचा चेंडू बंद करून लेदर बॉलवर सराव सुरू करायला सांगितले. जालन्याला क्रिकेट नवे नाही. २०१४ च्या एकोणीस वर्षांखालील विश्वचषकात भारताचे नेतृत्व करणारा विजय झोल इथलाच. तरीही मुलीसाठी नेमके कोणते साहित्य घ्यावे हे विचारायला गेलो, तेव्हा दुकानांतला बहुतेक माल आणि मिळणारा बहुतेक सल्ला मुलांच्या मापाचाच निघाला.

फरक चेंडूपासूनच सुरू होतो. पुरुषांच्या क्रिकेटमधला चेंडू साधारण १५६ ते १६३ ग्रॅमचा असतो, महिलांचा १४० ते १५१ ग्रॅमचा, आणि त्याचा घेरही थोडा कमी असतो. मुलांबरोबर सराव करताना तिच्या वाट्याला जड चेंडू यायचा आणि मुलींच्या सामन्यात हलका. म्हणून आम्ही महिलांच्या वजनाचे चेंडू वेगळे घेतले आणि घरच्या काट्यावर तोलूनच पिशवीत भरले, कारण वेष्टनावरचा आकडा आणि आतला माल यांचे जुळेलच अशी खात्री नसते.

बॅटच्या दुकानात, ‘‘एक नंबर मोठीच घ्या साहेब, पोरगी वाढती हाय,’’ असा आग्रह झाला. शाळेचा गणवेश घेताना हा हिशेब बरोबर असेल; बॅटच्या बाबतीत तो महागात पडतो. सरांनी सांगितलेली परीक्षा सोपी होती: खालचा हात सोडून द्यायचा, फक्त वरच्या हाताने बॅट खांद्याच्या रेषेत आडवी धरायची आणि टोक खाली झुकते का ते पाहायचे. मोठी बॅट काही क्षणांतच झुकू लागली. बॅट पेलत नसली की खालचा हात जोर लावतो, फटका आडवा जातो आणि मग वर्षभर तंत्राला दोष दिला जातो. शेवटी सहा नंबरची, काश्मीर विलो या लाकडाची बॅट घेतली. काश्मीर विलो साधारणपणे इंग्लिश विलोपेक्षा जड आणि कडक असते, त्यामुळे त्याच नंबरच्या चार-पाच बॅटी हातात घेऊन त्यांतली हलकी निवडावी लागली.

नवी बॅट तयार करायला मात्र धीर लागतो. जवसाचे कच्चे तेल फडक्यावर घेऊन बॅटचा दर्शनी भाग, कडा आणि टोक यांवर पातळसा हात फिरवला. मुठीचा सांधा आणि स्टिकर सोडून दिले. रंगकामाला वापरतात ते उकळलेले तेल यासाठी नको, हे आवर्जून सांगतो, कारण हार्डवेअरच्या दुकानात जवसाचे तेल म्हणून तेच पुढे केले जाते. त्यानंतर लाकडी हातोडीने रोज थोडा वेळ ठोकणे, कडांना तिरके आणि हलके ठोके देणे, मग जुन्या मऊ चेंडूवर हळू फटके, असा क्रम काही आठवडे चालला. शेजाऱ्यांनी हे सगळे सोसले, त्याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत.

हेल्मेटच्या बाबतीत घासाघीस केली नाही. बीएस ७९२८:२०१३ या ब्रिटिश सुरक्षा मानकाचे लेबल पाहिले आणि तिचाच चेंडू सोबत नेऊन हेल्मेटचा पुढे आलेला काठ व जाळी यांच्या फटीतून तो आत जातो का, हे दुकानातच तपासले. मोठ्या चेंडूला अडवणारी फट लहान चेंडूला अडवेलच असे नाही.

खेळपट्टीचा प्रश्न आमच्या भागात पाण्याशी येऊन थांबतो. उन्हाळ्यात पिण्याच्या पाण्याची वानवा असताना टर्फवर, म्हणजे माती-गवताच्या खेळपट्टीवर, पाणी मारा, असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? काळ्या मातीला भेगा पडतात, आणि उघड्या सिमेंटवर लेदर बॉलची शिवण बघता बघता झिजते. म्हणून सिमेंटवर काथ्याची मॅट अंथरली जाते. ती चारी बाजूंनी ताणून पक्की केली नाही, तर वळीवर पडलेला चेंडू अचानक उसळतो, त्यामुळे सराव सुरू होण्याआधी मॅटवरून पाय घासत चालून पाहणे हे माझे काम झाले. चेंडू अडवायला मागे शेतीच्या दुकानातले शेडनेट दुहेरी करून सैल टांगले. ते ताठ बांधले की चेंडू उलटून येतो.

सगळ्यात जास्त उपयोग झाला तो साइडआर्मचा. लांब दांड्याच्या टोकाला चेंडू धरणारी वाटी, एवढेच हे प्लास्टिकचे साधन. पण त्याने खांद्यावर फार ताण न येता वेगवान चेंडू टाकता येतो. दांडा पुढे आणताना चेंडू लवकर सुटला तर तो फुलटॉस जातो, उशिरा सुटला तर आखूड पडतो. हे जमेपर्यंत मी रिकाम्या जाळीतच टाकत राहिलो, समोर मुलीला उभे केले नाही. अंतराचे गणितही समजून घ्यावे लागले: हवेचा अडथळा आणि टप्पा बाजूला ठेवला, तर १५ मीटरवरून ताशी ९० किलोमीटरने टाकलेला चेंडू फलंदाजाला ०.६ सेकंद देतो, म्हणजे २० मीटरवरून ताशी १२० ने आलेल्या चेंडूइतकाच वेळ. हौसेने जवळ सरकणारे पालक हे विसरतात.

गोलंदाजी यंत्रावरही तिने छत्रपती संभाजीनगरच्या एका अकादमीत सराव केला. दोन चाकांच्या वेगातला फरक बदलून ते चेंडू स्विंग करते आणि एकाच टप्प्यावर पुनःपुन्हा टाकते, त्यामुळे एखादा कव्हर ड्राइव्ह घोटून घ्यायला ते उत्तम. पण ज्याकडे पाहून चेंडू कधी सुटेल हे कळावे, असा गोलंदाजाचा हात त्याला नसतो. चेंडू सुटण्याआधीच पाय हलवण्याची सवय तिला लागू लागली, ती साइडआर्मवर परतल्यावर मोडली. माझ्या मते लहान वयात यंत्रावर पैसा घालण्यापेक्षा चेंडू टाकणारे माणूस मिळवावे.

इंग्लिश विलोची बॅट तिची उंची वाढायची थांबेपर्यंत घ्यायची नाही, असे आमचे ठरले आहे. त्यासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून सध्या मापाचा थाय पॅड (मांडीला बांधायचे संरक्षण) आणि महिलांच्या वजनाच्या चेंडूंचा आणखी एक डबा आणला.