बिल्टीवरचं हिली

पिंपळगाव बसवंतला ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे ट्रकमधल्या मालाच्या पावत्या, फाडायचं माझं काम. बांगलादेशच्या कांद्याला मुक्काम म्हणून घोजाडांगा, महदीपूर नाहीतर हिली, अशी पश्चिम बंगालच्या सीमेवरची नावं लिहायची, बस्स. एका दिवाळीनंतर मात्र ड्रायव्हरशेजारी बसून हिलीपर्यंत गेलोच. नागपूर, रायपूर, खरगपूर, फरक्क्याचा पूल, मालदा... आणि मग दक्षिण दिनाजपुरातलं ते एवढंसं गाव. भातखाचरं, तळी आणि कडेनं उभे ट्रकच ट्रक.

तिथलं बघण्यासारखं काय, तर रेल्वे. फाळणीआधी सियालदाहून सिलिगुडीला जाणारी दार्जिलिंग मेल हिलीवरूनच जायची. १९४७ मध्ये रॅडक्लिफनं आखलेली सीमेची रेघ पडली, स्टेशन आणि रूळ पूर्व पाकिस्तानात गेले, लगतची वस्ती भारतात राहिली. आजही रुळांवरून धावते ती बांगलादेशची गाडी, आणि तिच्या आवाजानं हादरतात त्या भिंती आपल्या. रेघ मारणाऱ्यानं हे गाव पाहिलं असेल असं मला तरी वाटत नाही.

१९७१ चं युद्ध रीतसर सुरू झालं ३ डिसेंबरला, पण हिलीत त्याआधीच, नोव्हेंबरच्या २२ तारखेच्या रात्री, तोंड लागलं होतं. मोरापाडा गावावर आपल्या '८ गार्ड्स' पलटणीनं हल्ला केला. समोर पाकिस्तानची '४ फ्रंटियर फोर्स' पलटण. ११ डिसेंबरपर्यंत हिली हाती आलं नाही. चहाच्या टपरीवरचे एक काका हे सगळं हातवारे करून सांगत होते. माझं बंगाली यथातथाच, पण मोरापाड्याचं नाव घेताना त्यांचा आवाज उतरला ते कळलं.

आता तिथून आपला ट्रक कारपास, म्हणजे सीमा ओलांडायचा गाडीचा परवाना, घेऊन पलीकडे बांगलादेशातल्या हाकिमपूरच्या जमिनीवरच्या बंदरात जातो, माल उतरवतो, रिकामा परततो. शुक्रवारी त्यांची सुट्टी, म्हणजे गुरुवारी उशिरा पोचलेला अडकलाच.

पण खरं अडकवतं ते दिल्लीचं पत्रक. १४ सप्टेंबर २०२० ला कांद्यावर निर्यातबंदी आली तेव्हा आमच्या गाड्या हिलीतच उभ्या होत्या. पाच दिवसांनी, कस्टमची तपासणी आधीच झालेल्या मालाला परवानगी मिळाली. तोवर ताडपत्रीखाली कांदा उबला होता, गोण्यांतून पाणी गळत होतं. ड्रायव्हर फोनवर म्हणाला, "भाऊ, वासानं केबिनमध्ये झोपवत नाही." व्यापारी म्हणतो, बंदी सरकारची, हॉल्टिंग, म्हणजे गाडी उभी राहिल्याचं भाडं, मी का देऊ? त्या पैशांचा वाद अजून मिटलेला नाही.