उपकारस्तुती

लातूर जिल्ह्यातल्या या गावी येऊन मला पंचवीस वर्षे होऊन गेली, परंतु आमच्या दवाखान्यात येणाऱ्या एकाही आजीच्या तोंडून ‘धन्यवाद’ हा शब्द मी आजवर ऐकलेला नाही. मधुमेहाने चिघळलेली पायाची जखम दोन-अडीच महिन्यांच्या रोजच्या ड्रेसिंगने भरून आली, तरी बाई उठते, लुगड्याचा काठ सारखा करते, ‘येते मग’ म्हणते आणि चालू लागते. पुढे मार्गशीर्षात तुरीच्या शेंगा भरल्या की एखाद्या सकाळी तीच बाई दारात उभी असते आणि तिच्या ओच्यात हिरव्यागार शेंगा असतात. ‘घ्या शिष्टर, मीठ टाकून उकडा अन् खावा,’ एवढेच ती म्हणते. त्या पायाचा उल्लेखही होत नाही.

मी मूळची वसईची. आमच्या वाडीत केळी होत्या, फुलझाडे होती आणि वाडीला लागून गोड्या पाण्याचे बावखळ होते, ज्याचा तळ मी लहानपणी कधीही पाहिला नाही. शाळेत सिस्टरांनी आम्हाला प्रत्येक गोष्टीसाठी ‘थँक्यू’ म्हणण्याचे वळण लावले होते आणि ते न म्हणणारा माणूस उद्धट असतो असे माझ्या मनाने पक्के धरले होते. त्यामुळे १९९९ साली येथे आल्यावर पहिल्या काही महिन्यांत मी घरी लिहिलेल्या एका पत्रात ‘येथील लोकांना केलेल्याची जाणीव नाही’ असे एक वाक्य लिहिले. त्या वाक्याची मला आजही खंत वाटते. उतराई होणे म्हणजे काय, हे त्या लोकांना माझ्यापेक्षा कितीतरी अधिक कळत होते. ज्याचे देणे लागतो त्याला दोन शब्दांत मोकळे करून आपणही मोकळे व्हावे, हे त्यांना रुचत नाही. ते देणे मनात ठेवतात, पीक हाती येईपर्यंत सांभाळतात आणि मग ओच्यातून आणून देतात.

आम्हा मराठी ख्रिस्ती लोकांकडे यासाठी एक जुना शब्द आहे, उपकारस्तुती. बोलण्यात तो फारसा येत नाही, परंतु प्रार्थनेत रोज येतो. ‘आभार’ या शब्दात भार आहे, आणि तो उतरवून टाकावा असे वाटणे साहजिक आहे. उपकारस्तुतीत मात्र आधी उपकार ओळखायचा असतो आणि मग तो करणाऱ्याची स्तुती करायची असते. ज्या ख्रिस्तयागाला आपण मिस्सा म्हणतो, त्याचे ग्रीक नाव ‘युखारिस्तिया’ आहे आणि त्याचा अर्थही हाच होतो. म्हणजे चर्चचा सर्वांत मोठा विधी मुळात एक उपकारस्तुती आहे. यज्ञवेदीवर जे अर्पण करायचे ते गव्हाची भाकर आणि द्राक्षारस, आणि भाकर अर्पण करताना ‘पृथ्वीचे फळ व माणसाच्या हातांचे काम’ असा तिचा उल्लेख होतो. वसईत हे शब्द मी शेकडो वेळा ऐकले होते. पण त्यांतले ‘हातांचे काम’ मला येथे दिसले, ज्वारीच्या काढणीला कणसे खुडून बोटे चिरलेल्या बायका मलमासाठी माझ्यासमोर हात पसरून बसल्या तेव्हा.

आमच्या छोट्या कॉन्व्हेंटचा, म्हणजे आम्ही धर्मभगिनी राहतो त्या मठाचा, दिवस पहाटे पाचला सुरू होतो. प्रभातवंदना, मनन, मग फादर येणार असतील त्या दिवशी मिस्सा. त्यांना अनेक गावे सांभाळायची असल्याने ते रोज येऊ शकत नाहीत. नऊ ते एक दवाखाना, दुपारी गावातल्या बाळंतिणींच्या घरी फेरी, तिन्हीसांजेला सायंवंदना आणि झोपण्यापूर्वी सद्सद्विवेकाची तपासणी. बाहेरच्या माणसाला हे सारे फार आखीव वाटते. मला विचारले तर या आखीवपणानेच मला अनेकदा सावरले आहे, आणि त्याविषयी पुढे सांगते.

रात्रीच्या तपासणीची रीत संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात घालून दिली. त्यात पाच पायऱ्या आहेत. नोव्हिशिएटमध्ये, म्हणजे व्रते घेण्याआधीच्या शिकण्याच्या काळात, आम्ही त्या पाठ केल्या होत्या, तरी मी मात्र कित्येक वर्षे थेट तिसऱ्या पायरीवर, म्हणजे दिवसभरातल्या चुकांच्या हिशेबावर, जाऊन बसत असे. कुणावर आवाज चढवला, कुठल्या रुग्णाला ताटकळत ठेवले, प्रार्थनेत कितीदा डुलकी लागली, याची यादी करता करताच झोप यायची आणि सकाळी मन जड असायचे. इग्नेशियस यांनी पहिल्या पायरीवर चुका ठेवलेल्या नाहीत. आज मिळालेल्या दानांबद्दल देवाची उपकारस्तुती करा, असे ते आधी सांगतात. चुका ओळखण्यासाठी प्रकाश मागणे दुसऱ्या पायरीवर येते आणि चुकांचा क्रम त्यानंतरचा आहे. हा क्रम केवळ सोयीसाठी लावलेला नाही, असे माझे मत झाले आहे. आपल्याला काय काय मिळाले ते ज्याने आधी मोजले, त्यालाच आपण कुठे कंजूषपणा केला हे नीट दिसते. दिवसाच्या तपासणीला तुरीच्या शेंगांपासून सुरुवात केली की, ज्या बाईवर मी खेकसले तिचा चेहरा आपोआप समोर येतो आणि दुसऱ्या दिवशी तिच्याकडे जाण्याची वाटही दिसते.

माझी आई २००५ सालच्या जुलैमध्ये गेली. निरोप आला आणि मी एस. टी.ने निघाले, तोच २६ जुलैचा पाऊस झाला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे लातूरला सरासरीने वर्षभरात पडतो त्याहूनही जास्त. रस्ते बुडाले, लोकल बंद पडल्या, आणि मी वसईला पोहोचले तेव्हा आईच्या कबरीवरची माती बसूही लागली होती. मराठवाड्यात सहा वर्षे ज्या पावसासाठी मी लोकांबरोबर गुडघे टेकले होते, त्याच पावसाने माझी वाट अडवली, हा विचार मला त्या दिवसांत सुटत नसे. देवाशी भांडण्याचीही ताकद नव्हती. केवळ एक कोरडेपणा होता.

परत आल्यावर पहिल्या संध्याकाळी सायंवंदनेत पवित्र मरियेचे स्तोत्र आले. ‘माझा जीव प्रभूला थोर मानतो’, हे लूकच्या शुभवर्तमानातले तिचे शब्द सायंवंदनेत दररोज म्हटले जातात. मला ते म्हणता येईनात. सायंवंदनेत आम्ही दोन बाजूंना समोरासमोर बसतो; एक चरण एका बाजूने म्हणायचा आणि दुसरा दुसऱ्या बाजूने. आम्ही चारच जणी होतो, त्यामुळे माझ्या बाजूला मी आणि आमच्या स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या वयस्कर सिस्टर अशा दोघी. त्यांचा एकटीचा आवाज आमच्या बाजूने चालला, मग समोरच्या दोघींचा, मग पुन्हा त्यांचा. कुणी माझ्याकडे पाहिले नाही, समजूत घातली नाही. साधारण तीन आठवडे असेच चालले. एके दिवशी ‘त्याने भुकेलेल्यांना उत्तम पदार्थांनी तृप्त केले’ हा चरण आला आणि माझा आवाज त्यांच्या आवाजात मिसळला, केव्हा ते मला कळले नाही. उपकारस्तुती एकट्याने करायची गोष्ट असती तर त्या वर्षी माझ्याकडून ती झाली नसती. माझ्या वाटणीचे शब्द दुसऱ्या कुणीतरी तीन आठवडे सांभाळले होते.

संत पौल यांच्या थेस्सलनीकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातले ‘सर्व स्थितींत उपकारस्तुती करा’ हे वाक्य लोक अनेकदा चुकीच्या ठिकाणी वापरतात, आणि हे मला मनापासून खटकते. मूल दगावलेल्या आईला ते ऐकवणाऱ्यांना मी पाहिले आहे. पौलाने ‘स्थितींत’ म्हटले आहे, ‘स्थितीबद्दल’ म्हटलेले नाही. दुष्काळाबद्दल देवाचे उपकार माना असे कुणी सांगितले तर मी ते ऐकणार नाही. दुष्काळात असताना उपकार ओळखण्याची दृष्टी जाऊ देऊ नका, एवढे मात्र मी ऐकते, आणि तेही पुष्कळ अवघड आहे.

तो अवघडपणा २०१६ साली आम्ही सर्वांनी पाहिला. मांजरा धरण आटले होते, लातूर शहरात पाण्याच्या ठिकाणी भांडणे होऊ नयेत म्हणून जमावबंदी लावावी लागली होती, आणि आमच्या दवाखान्यात रुग्ण तपासण्याआधी हात धुवायचे पाणीही मोजून घ्यावे लागत होते. त्या वर्षी ईस्टर २७ मार्चला होता. आदल्या रात्रीच्या जागरविधीत पाण्याला आशीर्वाद देतात. उत्पत्तीच्या वेळचे पाणी, तांबड्या समुद्राचे पाणी, यार्देन नदीचे पाणी अशा सगळ्या पाण्यांची त्या प्रार्थनेत आठवण केली जाते. एरवी आम्ही त्यासाठी मोठे घंगाळ भरून ठेवत असू. त्या रात्री फादरांसमोर एक तांब्या होता. त्यांनी ती प्रार्थना एकही शब्द न गाळता म्हटली, कडुलिंबाची डहाळी तांब्यात बुडवली आणि आमच्यावर शिंपडली. माझ्या कपाळावर दोन थेंब पडले. ते मी पुसले नाहीत. विधी झाल्यावर उरलेले पाणी कुणी कुठे ओतायचे हा प्रश्नच आला नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस होते त्या बायकांनी छोट्या बाटल्यांतून ते घरी नेले. पंधरवड्यानंतर, एप्रिलच्या मध्याला, मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली. दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी. बावखळाच्या काठी वाढलेल्या मला पाणी म्हणजे काय हे वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी त्या तांब्याने शिकवले. तेव्हापासून पेला तोंडाला लावण्यापूर्वी माझा हात क्रुसाच्या खुणेसाठी आपोआप उठतो.

माझ्याकडे रक्तदाब तपासायला येणारी एक आजी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा तिचे घर माळवदाचे होते. गणपती विसर्जन करून माणसे रात्री उशिरा घरी येऊन झोपली होती. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे वजनदार माळवद त्यांच्या अंगावर आले. तिच्या घरातली चार माणसे त्यात गेली. पुनर्वसनाच्या गावात तिला सिमेंटचे पक्के घर मिळाले, त्यात तिचे भांडे-कुंडे आहे, देव्हारा आहे, परंतु ती झोपते अंगणात, पावसाळ्यात पत्र्याखाली. इतक्या वर्षांत तिने छताखाली रात्र काढलेली नाही.

ही आजी रोज पहाटे उठल्यावर बाजेवरून पाय खाली ठेवण्याआधी वाकून दोन्ही हातांनी जमिनीला शिवते आणि हात कपाळाला लावते. पहिल्यांदा मी ते पाहिले तेव्हा मला राहवले नाही. ज्या भुईने तिची माणसे नेली, त्याच भुईच्या ती पाया पडत होती. मी तिला तसे विचारले. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘न्हेलं बी तिनंच. पर तवापासून ज्वारी बी तिनंच दिली की शिष्टर. तिच्यावर पाय ठिवूनच चालायचंय.’ त्यावर मला काही बोलता आले नाही आणि बोलायची गरजही नव्हती.

गेली काही वर्षे ३० सप्टेंबरला मी तिच्या अंगणात जाते. साडेतीनला निघते, सोबत बॅटरी आणि प्रार्थनेचे पुस्तक असते. ती जागीच असते. चुलीवर चहाचे आधण चढवलेले असते. आम्ही बाजेच्या कडेवर बसतो आणि ती वेळ येते व जाते. ती त्या चौघांची नावे एकेक करून घेते, आणि मी प्रत्येक नावामागून मनात ‘प्रभू, त्यांना चिरशांती दे’ म्हणते. मग चहा होतो. उजाडायच्या सुमारास मी प्रभातवंदना तिथेच म्हणते. त्यात जखऱ्याचे गीत येते, अंधारात आणि मृत्यूच्या छायेत बसलेल्यांवर वरून उजेड उगवेल, असे सांगणारे. मी ते मोठ्याने म्हणत नाही, पण ओठ हलताना तिला दिसतात. गेल्या खेपेला माझे झाल्यावर तिने विचारले, ‘झालं का तुमचं?’ मी ‘हो’ म्हटले. तिने वाकून जमिनीला हात लावला, कपाळाला लावला, पाय खाली ठेवले आणि शेळीला सोडायला गेली; मी माझी चप्पल बाजूला सारली, वाकून त्याच जागी हात टेकवला आणि दवाखाना उघडायला परतले.