24 चिंचोके

दोनशिक्षकी शाळा, त्यामुळे तिसरी-चौथी एकत्र माझ्याकडे. दिवाळी झाली की पाच-सहा लेकरं आईबापासोबत ऊसतोडीला जातात, हंगामी वसतिगृह असलं तरी सगळीच कुठं थांबतात, अन परत येतात तेव्हा वर्ग भागाकारावर अन ही पोरं अजून हातच्याच्या बेरजेवर.

त्यात एक पोरगं, बोललेलं नीट कळत नाही, लिहायलाही वेळ लागतो. त्याला मी काय काम द्यायचे तर फळा पुसायचं अन हजेरी ऑफिसात नेऊन द्यायची. तो खूष, मी पण खूष, म्हणलं बघा कसं सामावून घेतलंय! खरं म्हणजे त्याला धड्यातून बाहेर ठेवायची सोय लावली होती मी.

ट्रेनिंग झालं होतं तसं. 1995 च्या कायद्यात अपंगत्वाचे 7 प्रकार होते, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 झाले, वाचन-लेखन जमत नाही ती अध्ययन अक्षमता पण त्यात आली, चांगलंच झालं. पण उद्या वर्गात गेल्यावर नेमकं करायचं काय ते कुणी सांगितलंच नाही.

मग एकदा मेरी बड रो या अमेरिकन बाईंबद्दल वाचलं. 1970 च्या दशकात त्यांनी वर्गांची रेकॉर्डिंग ऐकून सांगितलं होतं की शिक्षक प्रश्न विचारून साधारण एक सेकंद थांबतात, अन तेच तीन सेकंद थांबलं तर उत्तरं मोठी येतात, गप्प बसणारी लेकरं पण बोलतात. मी मोबाईलवर माझाच तास रेकॉर्ड केला. एक सेकंद तरी थांबत होते का नाही शंकाच आहे, पुढच्या दोन पोरी ‘मॅडम मी, मॅडम मी’ अन तास संपला.

आता हात वर करायचा नाही. आधी शेजारच्याला सांगायचं, मग डब्यातून नावाची चिठ्ठी. (नुसती चिठ्ठी काढली तर घाबरणारी लेकरं अजून घाबरतात, हे मला रडवून कळलं.) आणि उत्तर कसंही चालतं, बोलून, चित्र काढून, नाहीतर चिंचोके मांडून. मी मनात सावकाश पाच मोजते, ते पाच आकडे लई जड जातात बरं का.

परवा पाच जणांच्या गटाला 24 चिंचोके दिले, सारखे वाटा म्हणलं. चिठ्ठी नेमकी त्या फळा पुसणाऱ्या पोराची. त्यानं एकेक करत वाटले, सगळ्यांसमोर चार-चार. हुशार पोरगी लगेच म्हणली, “बाकी चार!” त्यानं मान हलवली, उठला अन उरलेले चार माझ्या हातावर ठेवले. पोरं हसली. मला कळायला पाच सेकंद तरी लागलेच. मला धरून सहा जण, बाकी शून्य.