जुनी गाडी घेताय? आधी खालून बघा

इंग्लंडात रस्त्याच्या कडेला उभी असलेली कुठलीही गाडी बघा, तिचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाका, की तिचा सगळा इतिहास फोनवर हजर. मालकाचं नाव तेवढं कळत नाही. बाकी दरवर्षीच्या तपासणीत ती पास झाली की नापास, नापास कशामुळे, त्या दिवशी मीटर किती मैलांवर होता, सगळं कुणालाही आणि फुकट. तिथे नवीन असताना मला याचं इतकं कौतुक वाटलं की शेजारच्या आजोबांच्या गाडीचीही नोंद वाचून काढली. ब्रेक उत्तम, वायपर फाटलेले.

या तपासणीला एमओटी म्हणतात. १९६० पासून ती चालू आहे. गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी करून घ्यावी लागते आणि मोटारीसाठी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड घेता येतात. ऑनलाइन नोंदी २००५ पासूनच्या मिळतात. २०१८ पासून दोषांचे धोकादायक, मोठे आणि किरकोळ असे प्रकार केलेत. त्याखेरीज 'आत्ता चालेल, पण लक्ष ठेवा' अशा सूचना असतात. मी आधी त्या सूचनाच वाचते. टायर झिजत आल्याची तीच सूचना सलग दोन वर्षं दिसली की मालक कसा माणूस आहे ते समजतं. टायरवर पैसे न घालणारा इंजिन ऑइलवर कशाला घालेल? मीटर मागे फिरवलेला असेल तर तेही इथे उघडं पडतं, कारण दरवर्षीचा आकडा लिहिलेला असतो.

विम्याने निकाली काढलेल्या गाड्यांचाही तिथे वर्ग ठरतो. 'एस' म्हणजे सांगाड्याला मार बसलेला, 'एन' म्हणजे सांगाडा शाबूत. दोन्ही दुरुस्त होऊन पुन्हा रस्त्यावर येऊ शकतात, पण तो शिक्का मागे राहतो. तो बघायला मात्र सहसा खासगी अहवाल विकत घ्यावा लागतो. आणि एमओटीत इंजिन, क्लच, गिअरबॉक्स यांची तब्येत बघतच नाहीत. एमओटी पास झालेली गाडी दुसऱ्या दिवशी क्लच जळून उभी राहिली तर तपासणी करणाऱ्याकडे तक्रार करता येत नाही.

यंदा गणपतीला मालवणला घरी आले, तर धाकट्या भावाने फोनमधले गाड्यांचे फोटो पुढे केले. "ताई, तुझ्या त्या साइटवर टाकून बघ ना, कुठली बरी ती." त्याला गाडी हवी आहे आईबाबांना कुडाळ-कणकवलीला डॉक्टरकडे न्यायला आणि अधूनमधून घाट चढून कोल्हापूरला जायला. मी म्हटलं, बाबा रे, ती साइट तिकडच्या गाड्यांची. आपल्याकडे खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि फिटनेस तपासणीची वेळ त्यानंतर येते. म्हणजे पंधरा पावसाळे गाडीखाली डोकावून बघायला सरकारचा माणूस येत नाही. डोकावायचं ते आपणच.

कागदावर जे मिळतं ते तरी पूर्ण बघावं. एमपरिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत आहे, बँकेचा बोजा आहे का, हे दिसतं. ई-चलनाच्या साइटवर थकलेला दंड दिसतो. आरसीवर कितवा मालक तेही असतं. पण अपघाताबद्दल यातलं काहीच बोलत नाही. त्यासाठी एक युक्ती आहे. विम्याची पॉलिसी मागा आणि 'नो क्लेम बोनस' किती टक्के ते बघा. क्लेम न करता वर्षं गेली की तो २०, २५, ३५, ४५ असा चढत ५० टक्क्यांवर जातो आणि नुकसानीचा क्लेम घेतला की शून्यावर येतो. सहा वर्षांच्या गाडीला बोनस शून्य असेल तर हसतमुखाने विचारावं, "काय झालं होतं हो?" उलट पन्नास टक्के दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. बोनस मालकाचा असतो, गाडीचा नव्हे, त्यामुळे तो आधीच्या गाडीवरूनही आलेला असू शकतो. शिवाय पदरचे पैसे घालून गुपचूप डेंटिंग-पेंटिंग करून घेणारे आपल्याकडे कमी नाहीत.

सर्व्हिसचा इतिहास मात्र मालकाकडून जरूर मागावा. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडे प्रत्येक खेपेचं किलोमीटर लिहिलेलं असतं. मालक सोबत आला, किंवा त्याने फोन करून सांगितलं, तर ते बघायला मिळतं. टाळाटाळ करत असेल तर ती गाडी सोडून द्यावी.

आता सुरक्षेचे तारे. भावाचा यावर फार विश्वास. क्रॅश टेस्टचे तारे मीही बघते, पण वर्ष आणि मॉडेल बघून. युरोपात फियाट पुंटोला २००५ मध्ये पाच तारे मिळाले होते. तीच गाडी जवळजवळ तशीच विकत राहिले आणि २०१७ मध्ये नव्या नियमांनी तपासली तर शून्य. आपल्याकडचा धडा आणखी सरळ आहे. ग्लोबल एनकॅप या क्रॅश टेस्ट करणाऱ्या संस्थेने २०१४ मध्ये भारतातल्या छोट्या गाड्या आपटून बघितल्या. त्यात बिनएअरबॅगच्या पोलोला शून्य तारे आणि दोन एअरबॅगवाल्या पोलोला चार. नाव एकच, गाडी दिसायलाही एकच. म्हणून तिकडच्या गाडीचे तारे इकडच्या गाडीला लावू नयेत आणि वरच्या मॉडेलचे खालच्यालाही नाहीत. भारत एनकॅप ही आपली स्वतःची तारे देणारी योजना तर ऑक्टोबर २०२३ पासूनच आहे, त्यामुळे आपण ज्या जुन्या गाड्या बघतो त्यातल्या बहुतेकांना त्याचा उपयोग नाही.

जुन्या गाडीत ताऱ्यांपेक्षा तारीख जास्त कामाची. एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीत एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली. शेजारच्या सीटची एअरबॅग सगळ्या गाड्यांत २०२१ संपता संपता आली. २०१९ आधीच्या गाडीचं खालचं मॉडेल असेल तर यातलं काहीच नसण्याची शक्यता धरून चालावी. एअरबॅग आहे असं म्हणत असतील तर चावी फिरवून डॅशबोर्ड बघा. एअरबॅगचा दिवा क्षणभर लागून विझायला हवा. विझत नसेल तर बिघाड आहे. लागतच नसेल तर जास्त वाईट, कारण बॅग एकदा फुटून गेलेली आणि दिवा कुणीतरी मुद्दाम बंद केलेला असू शकतो.

एअरबॅगवरून आणखी एक गोष्ट, जी कोकणात तरी कुणी सांगताना मी ऐकलेली नाही. टाकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅग जगभरातून परत मागवल्या गेल्या, होंडासह काही कंपन्यांनी भारतातूनही मागवल्या. बॅग फुगवणारं त्यातलं रसायन अमोनियम नायट्रेटचं होतं. वर्षानुवर्षं उष्ण आणि दमट हवेत राहिलं की ते बिघडतं, मग अपघातात बॅग फुगताना धातूची डबीच फुटते आणि तिचे तुकडे माणसाच्या अंगात घुसतात. यात माणसं मेली आहेत. अमेरिकेत म्हणूनच फ्लोरिडा, हवाई अशा दमट राज्यांतल्या गाड्या आधी हाती घेतल्या. उष्ण आणि दमट म्हणजे आपण नाही तर कोण? कंपनीचं पत्र जातं तिच्या यादीतल्या पत्त्यावर, आणि तो बहुधा मुंबईतल्या पहिल्या मालकाचा असतो. मालवणातल्या तिसऱ्या मालकाला काय पत्ता? तेव्हा चेसिस नंबर, सतरा अक्षरी, कंपनीच्या साइटवर रिकॉलच्या पानावर टाकून बघावा किंवा डीलरला फोन करावा. भाग बदलायचा बाकी असेल तर फुकट बदलून देतात.

आणि आता गंज. यावर मी अर्धा दिवस बोलू शकते. मी राहते तो इंग्लंडचा उत्तरेकडचा किनारा. थंडीत रस्त्यावर बर्फ धरू नये म्हणून तिथे मीठ टाकतात, आणि तेच मीठ गाड्यांचे पत्रे खातं. एमओटीत ब्रेकचे पाइप गंजलेत, सबफ्रेम गंजलीय अशा नोंदी म्हणून सारख्या दिसतात. आपल्याकडे मीठ टाकायला नको, वारा घेऊन येतो. वर तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. कुडाळचे आमचे ओळखीचे मेस्त्री एका वाक्यात सांगतात: "वरसून सगळीच बरी दिसतत, खालसून बघूक व्हयी."

तर खालून. वॉशिंग सेंटरवाल्याला थोडे पैसे देऊन गाडी रॅम्पवर चढवून घ्यायची आणि टॉर्च घेऊन खाली शिरायचं. दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी, मागची बीम, ब्रेकचे पाइप, पेट्रोलची टाकी धरणारे पट्टे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. सायलेन्सर गंजलेला दिसला तर घाबरू नका, तो गंजतोच आणि बदलताही येतो. सांगाड्याचा पत्रा मात्र वेल्डिंग करून फार तर थोडे दिवस तगवता येतो. खाली सगळीकडे ताजा काळा रंग मारलेला असेल तर मी तरी ती गाडी घेणार नाही. विकायच्या आदल्या आठवड्यात कुणी प्रेमाने अंडरकोटिंग करत नाही.

डिकीतली मॅट उचला, स्टेपनी काढा आणि खड्ड्यात हात घाला. व्हॅनसारखी गाडी असेल तर तिने मासळी वाहिली आहे का ते विचाराच. बर्फाचं खारट पाणी क्रेटमधून झिरपून फ्लोअर आतून खातं आणि वास तर विकणाऱ्याने किती अगरबत्त्या लावल्या तरी एसी सुरू करताच नाकाला कळतो. आंब्याच्या पेट्या वाहणारी गाडी त्यापेक्षा बरी. तिचे मागचे पाटे बसलेले असतील, पण ते बदलता येतात.

पुरातली गाडी हा वेगळाच प्रकार. जुलै २०२१ मध्ये चिपळूण बुडालं तेव्हा केवढ्या गाड्या पाण्याखाली गेल्या ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. अशा गाड्या धुऊनपुसून दुसऱ्या जिल्ह्यात विकल्या जाऊ शकतात. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर चिखलाची रेघ राहिलेली सापडते. सीटखालचे रूळ गंजलेले आहेत का, हेडलाइटच्या काचेत आतून ओल आहे का, फ्यूजच्या डब्यात गाळ आहे का ते बघा. सीटकव्हर बदलणं सोपं, हे सगळं साफ करणं कठीण.

आमच्याकडे सगळ्यात जास्त भाव मिळतो तो चाकरमान्याच्या गाडीला. "मुंबयच्या माणसाची, गणपतीक नि शिमग्याक तेवढी भायर काढतत." किलोमीटर कमी, रंग चकाचक. माझं मत उलटं आहे. वर्षातले दहा महिने पडवीत उभी राहिलेली गाडी म्हणजे उतरलेली बॅटरी, ब्रेकच्या डिस्कला धरलेला गंज आणि बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेल्या वायरी. टायरची नक्षी नवीन दिसते, पण कडेला चार आकडे असतात ते वाचा: २३१७ म्हणजे २०१७ सालचा तेविसावा आठवडा. एवढं जुनं रबर घेऊन आंबोलीचा घाट पावसात उतरायचा नाही. त्यापेक्षा रोज कुडाळला जाऊन-येऊन करणाऱ्या मास्तरांची, वेळेवर सर्व्हिस झालेली, जास्त चाललेली गाडी मी डोळे मिटून नाही, पण आनंदाने घेईन.

भरवशाच्या गाड्यांच्या इंग्लंडातल्या याद्याही भावाने मागितल्या. त्या इथे कामाच्या नाहीत. इथला प्रश्न हा की पार्ट कुडाळात मिळतो की कोल्हापूरहून मागवावा लागतो, आणि टॅक्सीवाले कुठली गाडी वापरतात. बीएस-६, म्हणजे प्रदूषणाच्या नव्या नियमातल्या डिझेलचं तेवढं सांगितलं. एप्रिल २०२० नंतरच्या डिझेल गाडीत धूर गाळणारा फिल्टर असतो, आणि तो आपोआप साफ व्हायला गाडी हायवेला थोडा वेळ सलग पळावी लागते. घर ते बाजार, बाजार ते घर एवढीच धाव असेल तर तो तुंबतो. आईबाबांच्या गाडीला पेट्रोलच बरं.

गोव्याच्या पासिंगची एक गाडी स्वस्तात मिळत होती. ती महाराष्ट्रात कायमची ठेवायची तर तिथल्या आरटीओची एनओसी आणि इथला रोड टॅक्स दोन्ही आले. हे धरल्यावर स्वस्ताई बरीचशी संपते. आधी भाड्याची होती का तेही बघायचं, काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असलेली गाडी किती जणांनी कशी हाकली असेल कोण जाणे.

व्यवहार ठरला की मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, मगच पुढचं. आरसी आपल्या नावावर होईपर्यंत थोडी रक्कम हातात राखावी. विकणाऱ्याच्याही भल्याचं आहे हे, कारण अपघात झाला तर नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. एवढं समजावूनही तो कुरकुरला तर कुरकुरू दे, असं भावाला सांगून ठेवलंय. ओरोसला आरटीओत त्याच्यासोबत वहिनी जाणार आहे. पैशाच्या बाबतीत ती त्याच्यापेक्षा पक्की आहे.