लढायला नकार देणारा भित्रा की शूर?

मी इतिहास शिकवते. त्यामुळे युद्धावर जायला नकार देणारा माणूस भित्रा की शूर, हा प्रश्न मला वर्गात आणि वर्गाबाहेरही सारखा विचारला जातो. तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा सविस्तर सांगते.

मी आधी एवढंच बघते की नकाराची किंमत कोणी मोजली. १८६३ साली अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेकडच्या सरकारने सक्तीची भरती सुरू केली, तेव्हा ३०० डॉलर भरून सुटता येत होतं, नाहीतर पैसे देऊन आपल्या जागी बदली माणूस पाठवता येत होता. असे सुटलेले लोकही युद्धावर गेले नाहीत, पण त्यांना शूर म्हणायला माझी जीभ रेटत नाही. त्यांच्या वाटची गोळी दुसऱ्या कुणीतरी झेलली.

आता १९१६ घ्या. ब्रिटनमध्ये सक्तीची भरती आली आणि सदसद्विवेकाला स्मरून नकार देणाऱ्यांपैकी काहींना बळजबरीने फ्रान्सला नेलं, कारण युद्धभूमीवर हुकूम मोडला तर मृत्युदंड देता येत होता. जून महिन्यात अशा ३५ जणांना शिक्षा झाली. परेडच्या मैदानावर बाकीच्या सैनिकांसमोर एकेकाचं नाव पुकारून निकाल वाचला गेला: गोळ्या घालून मृत्युदंड. वाचणारा अधिकारी इथे थांबला, आणि मग पुढचं वाचलं, की शिक्षा कमी करून दहा वर्षं सक्तमजुरी. त्या थांबण्यात माणसाच्या मनाचं काय झालं असेल! नुसतं 'हुकूम पाळतो' म्हटलं असतं तर ही वेळच आली नसती.

ऑस्ट्रियातला शेतकरी फ्रान्झ येगरश्टेटर याला तर अशी सूटही मिळाली नाही. हिटलरसाठी शस्त्र धरणार नाही, जखमींची शुश्रूषा करायला तयार आहे, असं त्याने सांगितलं. ते मान्य झालं नाही आणि ९ ऑगस्ट १९४३ ला त्याचा शिरच्छेद झाला. मागे बायको आणि तीन लहान मुली. त्या मुलींचा विचार आला की मला अजूनही अस्वस्थ व्हायला होतं, पण त्याला भित्रा कसं म्हणायचं?

आणि जो खरोखरच भीतीने खंदक सोडून पळाला, त्याचं काय? पहिल्या महायुद्धात पळून जाणं, भ्याडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश लष्कराने आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यातल्या ३०६ जणांना २००६ मध्ये माफी मिळाली. तोफांच्या माऱ्याने मनाने कोसळलेल्या पोरांना भ्याड ठरवणं मला क्रूर वाटतं.

माझी खरी अडचण होते ती शत्रू दाराशी आल्यावर. तेव्हा नकार देणारा माणूस दुसऱ्याच्या बंदुकीच्या आडोशाला जगतो, हे नाकारता येत नाही. हे कर्ज अमेरिकेच्या डेस्मंड डॉसने फेडलं असं मला वाटतं. तो सैन्यात गेला, पण हातात बंदूक घेतली नाही. १९४५ मध्ये जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यावर गोळीबार चालू असताना त्याने सुमारे ७५ जखमींना एकेक करून दोराने खाली सोडलं. बरोबरचे सैनिक पूर्वी त्याला भेकड म्हणून हिणवायचे. कड्यावरून सुखरूप खाली उतरलेले जखमी त्यांच्यातलेच होते.