सोफ्याचे कापड निवडताना: माझा अनुभव

आमच्या बैठकीच्या खोलीतल्या तीन आसनी सोफ्याचा सांगाडा अजून धडधाकट होता, पण त्यावरचे कृत्रिम चामडे सोलवटू लागले होते. आधी बसण्याच्या कडेला बारीक भेगा पडल्या, मग नखाएवढे पापुद्रे सुटले आणि शेवटी उठणाऱ्या प्रत्येकाच्या कपड्यांना काळा चुरा चिकटू लागला. हा आमच्या निष्काळजीपणाचा परिणाम असावा, असे मी बरेच दिवस समजत होते. सोफा पाहायला आलेल्या कारागिरांनी तो समज दूर केला. अशा चामड्यात कापडी अस्तरावर पॉलियुरेथेनचा पातळ थर दिलेला असतो, हवेतला ओलावा आणि अंगाचा घाम यांनी तो हळूहळू विघटित होतो आणि एकदा सुटू लागला की त्यावर कोणताही लेप टिकत नाही. तेव्हा सांगाडा ठेवून आतली नवार आणि फोम बदलायचा व वरून कापड लावायचे, असे ठरले. कापड निवडण्याचे काम माझ्याकडे आले. ते एका दुपारचे काम आहे, अशी माझी कल्पना होती. प्रत्यक्षात पाच आठवडे गेले.

सुरुवातच चुकली, कारण मी रंगापासून सुरुवात केली. पडद्याचा तुकडा सोबत नेऊन त्याच्याशी तंतोतंत जुळणारे करड्या रंगाचे कापड मी दुकानात निवडले आणि समाधानाने नमुना घरी आणला. घरी खिडकीजवळ तेच दोन तुकडे शेजारी ठेवले, तर एक निळसर आणि दुसरा तपकिरी झुकावाचा दिसू लागला. वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी साधलेल्या दोन छटा एका दिव्याखाली एकसारख्या आणि दुसऱ्या उजेडात वेगळ्या दिसू शकतात, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. त्यानंतर कोणताही नमुना मी सोफ्याच्या पाठीवर उभा आणि बैठकीवर आडवा असा दोन्ही प्रकारे ठेवून सकाळी, दुपारी आणि रात्री दिव्यात पाहू लागले. तळहाताएवढ्या तुकड्यावरून अंदाज येत नाही, म्हणून शक्य तिथे मोठा तुकडा मागून घेतला.

नमुन्यांच्या मागे छापलेले आकडे मी आधी वाचतही नव्हते. त्यातला सर्वांत ठळक आकडा घर्षणाचा असतो. मार्टिनडेल चाचणीत कापडावर लोकरी कापड ठरावीक दाबाने घासतात आणि धागे तुटेपर्यंत किती फेरे झाले ते मोजतात. रोजच्या घरगुती वापरासाठी 20 ते 25 हजार फेऱ्यांचे कापड साधारणपणे पुरेसे मानले जाते. काही नमुन्यांवर वायझेनबीक चाचणीचा आकडा होता. तिथे कापड पुढे-मागे घासले जाते आणि अशी एक ये-जा म्हणजे एक मोजणी. या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांत रूपांतरित करता येत नाहीत, त्यामुळे मी केलेली पहिली तुलना सपशेल निरर्थक होती. शिवाय घर्षणाचा मोठा आकडा म्हणजे कापड सर्व दृष्टींनी चांगले, असेही नाही. एका लाखाचा आकडा मिरवणारा एक नमुना हाताला इतका खरखरीत लागला, की त्यावर उघड्या हातापायांनी बसण्याचा विचारही नकोसा झाला. कापड उन्हात किती विटेल किंवा त्यावर गोळे येतील का, याबद्दल तर हा आकडा काहीच सांगत नाही.

आमचा सोफा पश्चिमेच्या खिडकीसमोर असल्याने उन्हाचा प्रश्न माझ्यासाठी घर्षणापेक्षा मोठा होता. रंगाचा उजेडातला पक्केपणा 1 ते 8 या श्रेणींत मोजतात आणि 8 म्हणजे सर्वांत पक्का. मी 5 ही किमान मर्यादा धरली, तेव्हा मला आवडलेले दोन सुती नमुने एकदम बाद झाले. वाईट वाटले, कारण सुती कापडावर बसण्याचे सुख निराळेच असते.

उरलेल्या नमुन्यांची परीक्षा मी घरीच घेतली. प्रत्येक तुकड्यावर पाण्याचा थेंब टाकून रात्रभर वाळू दिला. व्हिस्कोजचे, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून बनवलेल्या धाग्याचे, प्रमाण जास्त असलेल्या एका देखण्या मखमलीवर सकाळी थेंबाच्या कडेचे वर्तुळ स्पष्ट दिसत होते. व्हिस्कोज ओले झाले की त्याची ताकदही बरीच घटते. ओल्या पांढऱ्या रुमालाने घासल्यावर एका गडद निळ्या नमुन्याने रुमालच रंगवला. लिननचा तुकडा मी घडी घालून जड पुस्तकाखाली ठेवला. सुरकुती गेली नाही आणि लिननचे धागे नेमके अशा वारंवार दुमडणाऱ्या जागी, म्हणजे गादीच्या कडेला तुटतात, असे कारागिरांनी नंतर सांगितले. खरी परीक्षक मात्र आमची मांजर ठरली. मोठ्या फासांच्या जाड विणीचा नमुना तिने क्षणात ओढून विस्कटला. दाट, कापलेल्या लवीच्या पॉलिस्टर मखमलीत मात्र नख अडकायला फासच नसल्याने तिने दोनदा ओरबाडून तो नाद सोडला. पॉलिस्टरला तेलाचे डाग घट्ट धरतात, ही उणीव मला मान्य करावी लागली. त्यामुळे स्वच्छतेचे चिन्ह आधी तपासले: डब्ल्यू म्हणजे पाण्याने साफ करता येते, एस म्हणजे फक्त द्रावकाने आणि एक्स म्हणजे केवळ ब्रशने किंवा व्हॅक्यूमने. एस आणि एक्स मी विचारातच घेतले नाहीत.

अखेर शेवाळी रंगाची ती मखमल नक्की केली आणि मगच मापाचा विषय काढला, हीदेखील उलटी वाट होती. कारागिरांनी पहिला प्रश्न पन्ह्याचा, म्हणजे कापडाच्या रुंदीचा विचारला. या कापडाचा पन्हा 140 सेंटिमीटर होता, पण लव असलेले कापड हवे तसे फिरवून कापता येत नाही, कारण सगळ्या तुकड्यांतली लव एकाच दिशेला हवी. पाठीवर वरून खाली आणि बैठकीवर मागून पुढे. कापड आडवे फिरवून वाचवता येईल, हा माझा हिशेब त्यामुळे कोसळला आणि अंदाजापेक्षा दोन मीटर जास्त घ्यावे लागले. मोठ्या नक्षीचे कापड घेतले असते, तर प्रत्येक गादीवर नक्षी जुळवण्यासाठी आणखी वाया गेले असते. सगळे कापड एकाच ताग्यातून घ्या, रंगाईच्या दोन खेपांत छटा बदलते, असे त्यांनी बजावले होते. ते मात्र मी तंतोतंत पाळले.

सोफा तयार होऊन आला, तेव्हा मधली गादी इतर दोघींपेक्षा स्पष्टच गडद दिसत होती. मी घाबरून दुकानात फोन करणार होते. कारागिरांनी तिच्यावरून एकदा हात फिरवला, हसले आणि खोळ उसवून नेली. शिवताना तिची लव उलटी आली होती. दोन दिवसांनी ती परत आली, तेव्हा मलाही हात फिरवून पाहिल्याशिवाय राहवले नाही.